घटपर्णीला कॉफी घालावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘काळी कॉफी थंड करून घटपर्णीला घाला, पिचर (पानाच्या टोकाला येणारे, किडे पकडणारे घट) भराभर येतात’ हा सल्ला बागप्रेमींमध्ये सतत फिरत असतो, आणि त्यावरचे प्रश्नही तितक्याच सातत्यानं येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. इथे ‘घटपर्णी’ म्हणजे मुख्यतः नेपेंथिस, आपल्या नर्सऱ्यांत लटकत्या कुंडीत मिळते ती. सॅरासेनिया आणि बाकीच्या कीटकभक्षी वनस्पतींसाठी थेट प्रश्न ९ पाहा.

१. थोडक्यात सांगा, घटपर्णीला कॉफी चालते की नाही?

मोठ्या, धडधाकट नेपेंथिसला दूध, साखर आणि चिकोरी (कॉफीत मिसळली जाणारी एका मुळाची पूड) नसलेली, भरपूर पातळ केलेली काळी कॉफी क्वचित दिली तर झाडाचं काही बिघडत नाही. मात्र ती खत म्हणून फारशी उपयोगाची नाही. माझं मत स्पष्ट आहे: कॉफीवर जो वेळ आणि लक्ष जातं ते उजेड, पाणी आणि पिचरमधल्या खाद्यावर घालवावं. छोटी रोपं, नुकतंच आणलेलं किंवा कुंडी बदललेलं झाड आणि आजारी झाड यांना कॉफी अजिबात नको.

२. ही कल्पना आली कुठून?

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, नेपेंथिस वाढवणारे काही हौशी लोक उरलेली काळी कॉफी पाणी घालून झाडांना देत आले आहेत. त्यामागे तीन समजुती आहेत. कॉफी आम्लधर्मी असते आणि या झाडांना आम्लधर्मी माध्यम लागतं. कॉफीत थोडा नायट्रोजन असतो. आणि ती सौम्य असल्यानं रासायनिक खतासारखी मुळं जाळत नाही. तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणून सल्ला टिकून राहिला. अडचण प्रमाणाची आहे, ते पुढच्या दोन उत्तरांत पाहू.

हा सल्ला देणाऱ्यांची झाडं बहुतेक वेळा मोठी, जुनी, स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारं एक शेवाळ) आणि झाडाच्या सालीच्या मोकळ्या मिश्रणात लावलेली आणि हरितगृहात असतात. आपल्याकडे तोच सल्ला चार इंचांच्या कुंडीतल्या, कोकोपीटमध्ये दाबून बसवलेल्या रोपावर वापरला जातो. तिथून बिघडायला सुरुवात होते.

३. कॉफीत खत म्हणून नक्की असतं काय?

साध्या काळ्या कॉफीच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम पोटॅशियम, ३ मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ३ मिलिग्रॅम फॉस्फरस आणि ४० मिलिग्रॅम कॅफीन असतं. नायट्रोजन असतो, पण फार थोडा, आणि त्यातला बराचसा झाडाला लगेच घेता येईल अशा रूपात नसतो. म्हणजे आपण नायट्रोजन देतोय असं समजून प्रत्यक्षात मुख्यतः पोटॅशियमचं पाणी देत असतो. ही कॉफी दहापट पातळ केली की लिटरमागे पोटॅशियम ५० मिलिग्रॅमच्या आसपास राहतं आणि बाकी सगळं नगण्य होतं.

नेपेंथिसची खरी टंचाई नायट्रोजन आणि फॉस्फरसची असते. ज्या मातीत ही झाडं उगवतात तिथे हेच दोन घटक मिळत नाहीत, म्हणून तर पानाच्या टोकाला सापळा तयार झाला. कॉफी ज्याची भरपाई करते ती गोष्ट झाडाला फारशी कमी पडतच नव्हती.

चोथ्याचं गणित वेगळं आहे. कोरड्या चोथ्यात वजनाच्या सुमारे २ टक्के नायट्रोजन असतो. तो कुजल्याशिवाय झाडाला मिळत नाही, आणि घटपर्णीच्या कुंडीत आपल्याला नेमकं काही कुजायला नको असतं. त्याबद्दल प्रश्न ६.

४. पण कॉफी आम्लधर्मी आहे ना? निदान तेवढ्यासाठी तरी घालावी?

काळ्या कॉफीचा पीएच साधारण ५ असतो. चांगल्या स्फॅग्नम मॉसचा आणि पीटचा पीएच त्याहून कमी, ४ च्या आसपास असतो. मॉस कॉफीपेक्षा जास्त आम्लधर्मी आहे, तेव्हा कॉफी त्याला आणखी आम्लधर्मी करू शकत नाही. वापरलेल्या चोथ्यात तर आम्ल फारसं उरतच नाही, कारण ते कपात उतरलेलं असतं. चोथा बऱ्याचदा उदासीनच्या जवळ असतो.

कुंडीतला पीएच चढतो तो बहुतेक वेळा जड पाण्यामुळे. बोअरवेलच्या पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मॉसमध्ये साठत जातात, मॉस काळपट पडतं, वर पांढरी पुटं धरतात. त्यावर उपाय पाणी बदलणं हा आहे. पावसाचं, आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० च्या आत असेल तर उत्तम, नेपेंथिस १०० पर्यंतही निभावून नेते. आरओ मशीनला चव आणण्यासाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असेल तर नळातून येणारं पाणी एकदा मोजून घ्या. आरओच्या पाइपातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र कधीच घालू नका, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

५. कीटकभक्षी झाडांना खत घालायचंच नसतं म्हणतात. मग त्यांचं पोषण होतं कसं?

हा प्रश्न कॉफीच्या प्रश्नाच्याही आधी विचारायला हवा, म्हणून इथे जरा सविस्तर.

नेपेंथिसचं पान टोकाकडे तणावा होऊन लांबतं आणि त्याच्या शेवटी पिचर फुगतं. पिचर अजून उघडलेलं नसतानाच आत पाचक द्रव भरलेला असतो. झाकण उचललं गेलं की कडेच्या पन्हाळीदार ओठावर मध सुटतो आणि मुंग्या जमू लागतात. ओठ कोरडा असेपर्यंत त्या आरामात फिरतात. पावसानं किंवा दवानं तो ओला झाला की त्यावर पाण्याचा पातळ थर पसरतो आणि मुंगीचे पाय टिकत नाहीत. भिंग घेऊन पाहिलं तर ओठावरच्या बारीक उभ्या रेघा आतल्या बाजूला उतरताना दिसतात, पाणी त्याच रेघांतून पसरतं. आत पडलेला कीटक द्रवातल्या विकरांनी विरघळतो आणि नायट्रोजन, फॉस्फरस पिचरच्या आतल्या भिंतीतल्या ग्रंथी शोषून घेतात. जुनं पिचर उभं चिरलं तर तळाशी काळा थर सापडतो, मुंग्यांची डोकी आणि पंखांचे तुकडे. पचण्यासारखं होतं ते गेलेलं असतं.

म्हणजे पोषणाचा मुख्य रस्ता पानातून आहे, मुळांचं मोठं काम पाणी आणि आधार. काही जाती तर कीटकांवरही थांबलेल्या नाहीत. बोर्निओच्या डोंगरातली नेपेंथिस लोवी चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या, झाडांवर फिरणाऱ्या एका छोट्या प्राण्याची विष्ठा गोळा करते. तिच्या प्रौढ झाडांच्या पानांतला ५७ ते १०० टक्के नायट्रोजन या विष्ठेतून येतो असं २००९ साली दाखवलं गेलं. बोर्निओतच नेपेंथिस हेम्सलेयानाच्या पिचरमध्ये छोटी वटवाघळं दिवसा झोपतात आणि २०११ च्या अभ्यासानुसार पानांतला सुमारे ३४ टक्के नायट्रोजन त्यांच्या विष्ठेतून मिळतो. नेपेंथिस ॲम्प्युलारिया वरून पडणारा पालापाचोळा झेलते.

या सगळ्यांत पोषण पिचरमध्ये पडतं, मुळांशी नाही. म्हणून ‘कीटकभक्षी झाडाला खत नको’ यापेक्षा ‘खत मुळाशी नको, पिचरमध्ये हवं’ हे वाक्य जास्त खरं आहे. कसं द्यायचं ते प्रश्न १५ मध्ये.

६. कॉफीचा चोथा कुंडीत वरून पसरला तर?

नको. चोथा बारीक असतो, ओला असताना चिकटून बसतो, मॉसमधली हवा अडवतो. वाळला की त्याची पापडी धरते आणि पाणी वरूनच वाहून जातं. दमट हवेत एक-दोन दिवसांत त्यावर पांढरी-हिरवी बुरशी येते, मागोमाग बारीक काळी चिलटं. त्यांच्या अळ्या आधी कुजकं खातात, मग कोवळी मुळं.

शिवाय वापरलेल्या चोथ्यात कॅफीन शिल्लक असतं आणि ते इतर झाडांची वाढ रोखतं. मेलबर्नमधल्या एका अभ्यासात, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, न कुजवलेला चोथा थेट मातीत मिसळल्यावर ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल यांची वाढ बरीच खुंटली. ही तर खाऊन-पिऊन वाढणारी झाडं, घटपर्णीची मुळं त्यांच्यापेक्षा कितीतरी नाजूक आणि थोडी असतात.

चोथा वाया घालवायचा नसेल तर कंपोस्टच्या ड्रममध्ये टाका. एकूण ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. पूर्ण कुजलेलं ते खत जास्वंदीला, कढीपत्त्याला, गुलाबाला द्या.

७. तरीही करून बघायचं आहे. प्रमाण काय घेऊ?

साधी शुद्ध कॉफी पावडर एक सपाट चहाचा चमचा घ्या, त्यावर १०० मिलिलिटर गरम आरओ पाणी ओता, चार मिनिटांनी फिल्टर पेपरमधून किंवा घट्ट विणीच्या सुती कापडातून गाळा. गाळताना चोथ्याचा कणही जाऊ देऊ नका. पूर्ण थंड झाल्यावर त्यात १ लिटर आरओ किंवा पावसाचं पाणी मिसळा. रंग फिक्या चहासारखा यायला हवा.

हे पाणी कोरड्या मॉसवर घालू नका, आधी साधं पाणी देऊन मॉस ओलं करून घ्या. सहा इंचांच्या कुंडीला एक छोटी वाटी पुरते. दोन महिन्यांतून एकदा, तेही नवीन पानं येत असताना. पुढच्या खेपेला साधं पाणी खालून भरपूर निथळेपर्यंत घाला. उरलेलं मिश्रण ठेवून देऊ नका, दोन दिवसांत आंबतं.

कॉफी करतानाचं पाणीही मोजा. कित्येक जण आरओचं पाणी मिसळायला घेतात आणि कॉफी मात्र बोअरच्या पाण्यात करतात. मुंबईत नळाला येणारं तलावांचं पाणी साधारण मृदू असतं, त्यामुळे तिथे हे खपून जातं. बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत खपत नाही.

८. घरात ब्रू किंवा फिल्टर कॉफीच असते. ती चालेल? चहा चालेल?

पाकिटावर चिकोरी लिहिलेली असेल तर ते पाकीट घटपर्णीसाठी नाही. आपल्याकडच्या अनेक इन्स्टंट आणि फिल्टर कॉफ्यांत ३० टक्के किंवा त्याहून जास्त चिकोरी असते. चिकोरीच्या मुळात इन्युलिन नावाचं कर्बोदक भरपूर असतं, आणि ओल्या मॉसमध्ये ते बुरशीला आयतं खाद्य मिळतं. दूध पावडर आणि साखर घातलेले छोटे पाऊच तर विचारातही घेऊ नका. स्टीलच्या फिल्टरमधून उतरलेलं डिकॉक्शन चिकोरीविरहित असलं तरी फार कडक असतं, ते निदान ३० ते ४० पट पातळ करावं लागेल.

डिकॅफ घेतलं तर कॅफीनची काळजी मिटते, पण प्रश्न ३ मधलं पोटॅशियम तसंच राहतं.

चहाचं उत्तर सरळ नकारार्थी आहे. आपल्या घरी चहा साखर, आलं आणि दूध घालून उकळला जातो, तो चोथा कितीही धुतला तरी पूर्ण स्वच्छ होत नाही. नुसता कोरा चहाही नको. चहाच्या पानांत फ्लोराइड साठलेलं असतं आणि कॅफीन आहेच.

९. सॅरासेनिया, व्हीनस फ्लायट्रॅप, ड्रॉसेरा यांनाही कॉफी देता येईल का?

यांच्यापैकी कोणालाच नाही, पातळ करूनही नाही. सॅरासेनिया उत्तर अमेरिकेतल्या दलदलींत वाढते. तिची कुंडी आपण पाण्याच्या ताटलीत ठेवतो. वरून घातलेलं जे काही असेल ते ताटलीत उतरतं, पुन्हा वर शोषलं जातं आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहतं. नेपेंथिसच्या कुंडीतून पाणी निथळून जातं, इथे ती सोय नाही.

सॅरासेनियाला बाहेरून मिळणारं पोषण वाढलं की काय होतं हे एलिसन आणि गोटेली या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००२ साली सॅरासेनिया पर्पुरियावर दाखवलं. नायट्रोजन जास्त मिळालेल्या झाडांची पानं नळीसारखी होण्याऐवजी चपटी येऊ लागली. झाडाला सापळ्याची गरज उरली नाही, तेव्हा त्यानं सापळ्यावर खर्च करणं कमी केलं. पावसातून येणारा प्रदूषणाचा नायट्रोजनही अमेरिकेतल्या दलदलींत हेच करतो. ज्यांना घटपर्णीचे घट पाहायचे आहेत त्यांनी जास्तीचं खत घालू नये, याचं यापेक्षा चांगलं कारण मला माहीत नाही.

फ्लायट्रॅप आणि ड्रॉसेराची मुळं आणखी नाजूक असतात. त्यांच्या कुंडीत पडलेल्या क्षारांचा परिणाम फार लवकर दिसतो.

१०. मग कॉफी थेट पिचरमध्येच ओतली तर?

तर्क बरोबर, पदार्थ चुकीचा. पिचरमधला द्रव झाडानं स्वतः तयार केलेला असतो, त्याची आम्लता झाड स्वतः सांभाळतं. कॉफी ओतल्यानं तो पातळ होतो, विकरं विरळ होतात आणि बदल्यात मिळतं ते प्रश्न ३ मधलं किरकोळ मिश्रण. प्रवासात पिचर उलटून द्रव सांडला असेल तर चौथा भाग भरेल इतकं डिस्टिल्ड पाणी घाला, पुढचं काम झाड करतं.

११. कॅफीनमध्ये जवळजवळ २९ टक्के नायट्रोजन असतो असं वाचलं. मग कॅफीन हेच चांगलं खत नाही का?

आकडा खरा आहे. कॅफीनच्या रेणूत नायट्रोजनचे चार अणू असतात आणि वजनाच्या हिशेबानं ते २८.९ टक्के भरतात. मात्र हे अणू वलयात पक्के अडकलेले असतात. झाडाला लागतो तो अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपात. त्यासाठी आधी जिवाणूंनी कॅफीन मोडायला हवं, आणि आम्लधर्मी, ओल्या, मुद्दाम निकस ठेवलेल्या मॉसमध्ये हे काम फार सावकाश चालतं. तोपर्यंत कॅफीन कॅफीनच राहतं आणि कोवळ्या मुळांना त्रास देतं. कॉफीचं झाड हे रसायन बनवतं ते किडींपासून बचावासाठी. गळलेल्या पानांतून आणि बियांतून ते मातीत उतरतं तेव्हा शेजारच्या रोपांचं रुजणं मंदावतं.

१२. पातळ केलेल्या कॉफीचा टीडीएस मोजला तर कमीच दिसतो. म्हणजे ती सुरक्षित आहे ना?

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. कॅफीन, शर्करा, रंगद्रव्यं, तेलकट घटक यांचा विजेवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून ते मीटरला जवळजवळ दिसतच नाहीत. नेहमीच्या कपभर कॉफीत विरघळलेले घन पदार्थ १.२ टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅम. दहापट पातळ केल्यावरही लिटरमागे ग्रॅमभर सेंद्रिय पदार्थ कुंडीत जातात. मीटर फक्त त्यातलं पोटॅशियम आणि थोडे क्षार मोजून मोकळा होतो. बुरशी मात्र मीटर न मोजणाऱ्या भागावरच पोसली जाते.

पाणी मोजायला मीटर उत्तम. कॉफी, जीवामृत, माशांच्या टाकीचं पाणी यांसाठी त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

१३. मी वर्षभर कॉफी घालतेय आणि माझ्या झाडाला एवढाले पिचर आलेत. तुम्ही नाही कसं म्हणता?

झाड छान आहे ही आनंदाची गोष्ट, आणि कॉफीनं त्याचं वाईट झालेलं नाही हेही दिसतंच आहे. पण श्रेय कोणाला द्यायचं हे एका झाडावरून ठरत नाही. कॉफी सुरू करणारा माणूस त्याच सुमारास झाडाकडे जास्त लक्ष देऊ लागतो. आरओचं पाणी आणतो, कुंडी पूर्वेच्या खिडकीत हलवतो. जून उजाडतो आणि हवेतला दमटपणा आपोआप वाढतो. नर्सरीतून आणलेल्या नेपेंथिसला नव्या जागेत रुळायला काही महिने लागतात, त्यानंतर पिचर यायचेच असतात.

खात्री करायची असेल तर एकाच वेलीचे दोन कलम सारख्या कुंड्यांत, सारख्या मॉसमध्ये, शेजारी शेजारी ठेवा. एकाला कॉफीचं पाणी, दुसऱ्याला तेवढंच साधं. दोन्हींच्या प्रत्येक नव्या पानाची लांबी आणि पिचर आलं की नाही हे लिहून ठेवा. घाई करू नका, एक हंगाम जाऊ द्या.

१४. कॉफी जास्त पडली. आता काय करू?

आधी ओळखायचं कसं ते सांगते. पानांची टोकं तपकिरी होऊन कुरकुरीत होतात. तयार होत असलेलं बारीक पिचर फुगण्याआधीच काळं पडून वाळतं. वरचं जिवंत मॉस पिवळट होऊन बसतं, त्यावर हिरवा बुळबुळीत थर येतो. कुंडी नाकाशी नेली तर आंबूस वास येतो.

चोथा घातला असेल तर तो वरच्या बोटभर मॉससकट काढून टाका. मग कुंडी मोरीत ठेवून आरओचं किंवा पावसाचं पाणी सावकाश ओता, कुंडीत मावेल त्याच्या तीन-चार पट. खालून येणारं पाणी रंगहीन झालं पाहिजे. पूर्ण निथळू द्या, ताटलीत पाणी साचू देऊ नका. आंबूस वास तरीही राहिला तर कुंडी बदलावीच लागेल. ताजं स्फॅग्नम मॉस, परलाइट आणि ऑर्किडसाठी मिळणारी साल यांचं मोकळं मिश्रण घ्या. नेपेंथिसची मुळं काळी आणि केसासारखी बारीक असतात. काळी दिसली म्हणून कुजली असं समजून कापू नका. हलकेच दाबून पाहा, मऊ लिबलिबीत लागतील तीच काढा. त्यानंतर दोन महिने फक्त पाणी.

१५. मग खत म्हणून द्यायचं काय?

सगळ्यात चांगलं ते, जे झाड स्वतः पकडतं. कुंडी बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीत असेल तर आपल्याकडच्या मुंग्या ते काम पुरेसं करतात, वेगळं काही द्यावं लागत नाही. बंद खिडकीच्या आत, काचेच्या पेटीत किंवा वरच्या मजल्यावर असेल तर हातानं द्या. मत्स्यालयाच्या दुकानात माशांसाठी वाळवलेल्या लाल अळ्या मिळतात. चिमूटभर अळ्या थेंबभर आरओ पाण्यात भिजवून चिमट्यानं पिचरमध्ये सोडा. महिन्यातून एकदा, झाडावरच्या दोन-तीन पिचरांत पुरे. नुकतंच उघडलेलं पिचर निवडा, जुन्यात पचनाची ताकद कमी झालेली असते. किडे कीटकनाशकानं मेलेले नसावेत.

जास्त देण्याचा मोह आवरा. अमेरिकेत सॅरासेनियाच्या पिचरमध्ये गांधीलमाश्यांची पूड मोठ्या प्रमाणात टाकून पाहिली तेव्हा आतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपला आणि सगळं सडू लागलं. नेपेंथिसच्या पिचरमध्येही खाद्य जास्त झालं की आधी दुर्गंधी येते, मग पिचर खालून तपकिरी पडतं. मटण, चिकन, पनीर, अंडं यांतलं काहीही घालू नका. त्यांतली चरबी पिचरला पचत नाही.

रासायनिक खत द्यायचंच तर ऑर्किडचं विद्राव्य खत पाकिटावरच्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्शानं किंवा त्याहून कमी घेऊन, महिन्यातून एकदा पानांवर बारीक फवारा. मोठ्या नेपेंथिसला हे मानवतं. कॉफीच्या तुलनेत यात नायट्रोजन किती आणि फॉस्फरस किती हे पाकिटावर लिहिलेलं असतं, त्यामुळे आपण काय देतोय ते कळतं.

१६. जीवामृत, गांडूळखत, केळीच्या सालीचं पाणी, अंड्याची टरफलं?

भाजीपाल्यासाठी या गोष्टी सोन्यासारख्या आहेत, घटपर्णीच्या कुंडीत यांतली एकही नको. जीवामृतात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन असतं, म्हणजे जिवाणूंची संख्या वाढवण्यासाठीच ते केलेलं असतं. केळीच्या सालीचं पाणी पुन्हा पोटॅशियम. अंड्याचं टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मॉसची आम्लता ते थेट मारतं. गांडूळखतानं मॉस काही आठवड्यांत काळं पडतं.

कोकोपीट वापरत असाल तर तेही आधी पाण्यात वारंवार धुऊन, टीडीएस खाली येईपर्यंत क्षार काढून घ्या.

१७. पिचर येतच नाहीत, नुसती पानं येतात. कॉफीनं फरक पडेल?

नाही. कारण बहुतेक वेळा उजेड किंवा हवेतला दमटपणा यांत असतं. पान हिरवंगार, लांबलचक आणि लेचंपेचं असेल तर उजेड कमी आहे. पानाच्या टोकाला पिचरची गाठ येते आणि तिथेच वाळते, असं होत असेल तर हवा कोरडी आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा त्रास नसतो. पुणे, नाशिकला मार्च ते मे जपावं लागतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोताबाहेर पण त्याच्या ओलाव्यात कुंडी ठेवणं बऱ्यापैकी काम देतं. खत जास्त झाल्यानंही पिचर कमी येतात, ते प्रश्न ९ मध्ये आलं आहे.

१८. पावसाळ्यात गोगलगाई कोवळी पानं खातात. त्यांच्यासाठी तरी कॉफी उपयोगी आहे ना?

कॅफीन गोगलगाईंना खरंच मारक आहे. हवाईमध्ये २००२ साली झालेल्या प्रयोगांत १ ते २ टक्के कॅफीनच्या द्रावणानं गोगलगाई मेल्या आणि ०.०१ टक्क्यानं त्यांचं खाणं कमी झालं. कपभर कॉफीत कॅफीन ०.०४ टक्के असतं. प्रश्न ७ प्रमाणे पातळ केल्यावर ते ०.००४ टक्क्याच्या खाली जातं, म्हणजे गोगलगाईला जाणवणारही नाही. आणि तिला जाणवेल इतकं कडक द्यायचं तर ते झाडाच्या मुळांपर्यंत जाणार. त्यापेक्षा कुंडी लटकवा, रात्री टॉर्च घेऊन हातानं वेचा.

१९. ताटलीतल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. त्यात कॉफी टाकली तर चालेल?

नेपेंथिसच्या खाली साचलेलं पाणी ठेवायचंच नसतं, ताटली रिकामी करा, प्रश्न तिथेच संपतो. सॅरासेनिया आणि ड्रॉसेराच्या ताटलीत पाणी लागतं, पण तिथे कॉफी टाकणं म्हणजे प्रश्न ९ मधली चूक. ताटलीतलं पाणी आठवड्यातून दोनदा ओतून, कडा घासून, नवीन भरा. डेंग्यूचा डास अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवतो, म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही.

२०. माझ्याकडे मेघालयातली घटपर्णी आहे. ती आपल्या देशातली, मग ती जास्त सोसते का?

नेपेंथिस खासियाना ही भारतात निसर्गतः सापडणारी एकमेव नेपेंथिस. खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांत ती वाढते. आपल्या सह्याद्रीत घटपर्णी नाही, कासच्या पठारावर भेटतात त्या ड्रॉसेरा आणि युट्रिक्युलेरिया या वेगळ्या कीटकभक्षी वनस्पती. खासियाना नर्सरीत बियांपासून किंवा ऊतिसंवर्धनानं केलेली असेल तर महाराष्ट्रात बरी वाढते, उष्णतेशी जुळवून घेते. कॉफीच्या बाबतीत मात्र तिला वेगळी सवलत नाही. तीही निकस, आम्लधर्मी जमिनीतलीच आहे.

विकत घेताना ती कुठून आली ते विचारा आणि पावती घ्या. ही जात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित वनस्पतींच्या यादीत आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक गटात. जंगलातून उपटून आणलेलं झाड ओळखता येतं. त्याच्या खोडाला खालच्या बाजूनं जुन्या पानांच्या खुणा आणि जाड लाकडी भाग असतो, मुळांशी लाल माती चिकटलेली असते आणि पानांवर चावल्याचे, उन्हाचे जुने डाग असतात. असं झाड समोर आलं तर ते कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.